सहकुटुंब अंगणवाडीत, एक पावसाळा

आधीच सांगून टाकते, आम्ही समाजसेवक वगैरे कोणी नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, कोकणातल्या घराची मागची पडवी दोन पावसाळे गळत होती आणि नवऱ्याला बिनपगारी का होईना पण लांब रजा मिळत होती, म्हणून वेलिंग्टनहून अख्खं बिऱ्हाड उचलून एका टर्मपुरतं गावी यायचं ठरलं. न्यूझीलंडच्या शाळांची तिसरी टर्म जुलैच्या मध्यावर सुरू होते आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते, म्हणजे आपला भर पावसाळा. लोक कोकणात डिसेंबरात येतात, आम्ही ऐन भातलावणीत येऊन पडलो.

गावाचं नाव लिहीत नाही, अंगणवाडीच्या बाईंची नोकरी आहे. बाणकोट ते जयगड या पट्ट्यात कुठेतरी आहे एवढं पुरे. खाली बंदराच्या बाजूला कोळ्यांची आणि मुस्लिम घरं, वर चढावावर कुणबीवाडी, आणि त्याच्याही वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार.

थोरली आठ वर्षांची, धाकटा चार. तिकडे धाकटा प्लेसेंटरला जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही तिथली आईबापांनी चालवलेली बालवाडी असते. १९४१ साली, म्हणजे महायुद्ध चालू असताना, वेलिंग्टनच्याच कॅरोरी भागात ही सुरू झाली, पुरुष लढाईवर आणि बायका पोरं घेऊन घरात एकट्या, मग त्यांनी आळीपाळीने एकमेकींची पोरं सांभाळायला सुरुवात केली आणि ते देशभर पसरलं. आजही तिथे आईबाप पाळ्या लावून बसतात, बाई पण आपणच आणि शेवटी वाळू झाडून रंगाचे ब्रश धुणारी पण आपणच. त्यामुळे गावच्या अंगणवाडीत धाकट्याला बसवायचं म्हणल्यावर मी पण त्याच्यासोबत बसणार हे मी मनाशी धरूनच चालले होते. बाईंनी ऐकलं आणि सरळ विचारलं, "वहिनी, पोराला बसवा की, तुम्ही कशाला बसताय? काय चूक काढायचीय?"

हा प्रश्न वाजवी होता. अंगणवाडीत बाहेरचं माणूस येतं ते तपासायलाच. येतात, रजिस्टर मागतात, फोटो काढतात आणि जातात. त्यामुळे आम्ही तपासायला नाही तर हाताखाली काम करायला येतोय हे त्यांना पटायलाच बरेच दिवस गेले, आणि ते बोलून नाही पटलं, नवऱ्याने संडासाचा गळका नळ बदलला तेव्हा पटलं.

परवानगीचं सांगते, कारण अनेकांना वाटतं गाव आपलंच आहे, जाऊन बसलं की झालं. तसं नसतं आणि नसावंच. लहान मुलं आहेत, कोणीही उठून आत येऊ नये. बाई म्हणाल्या मुख्यसेविकांना, म्हणजे त्यांच्या वरच्या बाईंना, विचारा, मुख्यसेविका म्हणाल्या सीडीपीओ मॅडमकडे अर्ज द्या, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी. तालुक्याला गेलो तर मॅडम मीटिंगला. पुन्हा गेलो तर अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यायचा हेच टेबलावर कोणाला माहीत नाही, कारण असा अर्ज त्यांच्याकडे आधी कोणी केलेलाच नाही. एक क्लार्क म्हणाले, "देणगी द्यायची असेल तर तसं लिहा, ते सोपं आहे." मी म्हणलं देणगी नाही द्यायची, काम करायचंय. तर म्हणाले मग अवघड आहे. शेवटी साध्या कागदावर मराठीत अर्ज, आधार नाही म्हणून ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आणि पासपोर्टची झेरॉक्स, ग्रामपंचायतीचं शिफारसपत्र आणि पोलीस स्टेशनचा चारित्र्याचा दाखला, एवढ्यावर काम झालं. मी तिकडचं पोलीस व्हेटिंगचं पत्र मोठ्या हौसेने प्रिंट करून नेलं होतं, ते त्यांनी उलटंपालटं करून बघितलं, छान आहे म्हणाले आणि परत दिलं.

परवानगीच्या पत्रात अटी होत्या आणि त्या मला अगदी योग्य वाटल्या. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आहाराच्या आणि वजनाच्या नोंदी सेविकेनेच करायच्या. मूल घेऊन आवाराबाहेर जायचं नाही. सेविका किंवा मदतनीस हजर नसताना आम्ही एकट्याने मुलांसोबत थांबायचं नाही. कसलाही मोबदला नाही. फोटोच्या अटीवर तिकडच्या मैत्रिणी नाराज झाल्या, त्यांना अपडेट हवे होते, म्हणलं नाही मिळणार.

आता इमारत. झेडपीची, जांभ्याच्या चिऱ्याची, एक खोली, एक छोटं स्वयंपाकघर आणि भिंतीवर फळं, प्राणी, आठवड्याचे वार. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं त्यात कौलं गेली, नंतर पत्रे घातले. पत्रे गळत नाहीत हे खरं. पण कोकणातला पाऊस पत्र्यावर पडतो म्हणजे काय हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या बाजूला वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि त्यातला बराचसा जुलैतच. मी पुस्तकं घेऊन गेले होते, मोठ्याने गोष्ट वाचायची म्हणून, एक जोराची सर आली आणि माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू येईना. मुलं शांत बसून माझ्या तोंडाकडे बघतायत, तोंड हलतंय, बस. बाई आल्या, माझ्या हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं, मधोमध बसल्या आणि एक शब्द न बोलता मुठीतनं खडे काढून ठेवायला लागल्या. एक, दोन, तीन. मुलांनी बोटं वर केली. मग दोन काढून घेतले, मुलांनी एकच बोट ठेवलं. मग त्यांनी चेहरा रडका केला, मुलांनी रडके केले, हसरा केला, हसरे केले. सर थांबेपर्यंत वीस मुलं बिनआवाजाची शाळा शिकत होती, आणि सर थांबल्याबरोबर पुढचं गाणं मोठ्याने सुरू. मी एवढी ट्रेनिंगं केलीयत तिकडे, असलं काही कोणी शिकवलं नव्हतं.

आणि इथेच माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली की या बाईला शिकवायला कोणाची गरज नाहीये. तिला शिकवायला वेळ मिळत नाहीये. जे काय करायचं ते तिला वेळ मिळेल असं करायचं.

वेळ का मिळत नाही ते सांगते. अंगणवाडी म्हणजे आपल्याला वाटतं बालवाडी, पण ती तिच्या कामातली एक बाजू आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला अंगणवाडीची ही योजना, एकात्मिक बालविकास सेवा योजना, सुरू झाली तेव्हापासूनच शून्य ते सहा वर्षांची सगळी मुलं, गरोदर बायका, स्तनदा माता, सगळे एकाच सेविकेकडे. तीन ते सहावाल्यांना ताजा गरम आहार, त्याच्याहून लहानांना आणि बायकांना घरी न्यायची पाकिटं, ज्याला सगळे टीएचआर (टेक होम रेशन) म्हणतात. दर महिन्याला वजन उंची. लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करणं. घरभेटी. आणि हे सगळं मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी अॅपमध्ये भरायचं. त्यात आता टीएचआर घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून ओळख पटवायची, मगच वाटप झाल्याचं अॅपमध्ये दिसणार.

कल्पना चांगली असेल, पण आमच्या अंगणवाडीत रेंज नाही. रेंज सड्यावर. म्हणजे वाटपाच्या दिवशी बाई, तिच्या मागे छत्र्या घेतलेल्या बायका, कडेवर पोरं, एक-दोघी सातव्या-आठव्या महिन्याच्या, त्यांना अर्ध्या वाटेवर थांबवून माझा नवरा फोन वर-खाली नाचवणार. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतं ते अॅप, पावसात सगळेच डोळे मिचकवतात. त्यात केवायसीसाठी ओटीपी लागला की पुढची गंमत. नंबर त्या बाईच्या नवऱ्याच्या नावावर आणि तो नवरा मुंबईला डोंबिवली नाहीतर विरारला, ड्युटीवर, फोन उचलत नाही. "अहो, तो नंबर आलाय तो सांगा ना पटकन", "कसला नंबर, फ्रॉड आहे तो, देऊ नको कोणाला." हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

त्या दिवसांत अंगणवाडीत कोण? मदतनीस काकी एकट्या, एका हाताने खिचडी आणि दुसऱ्या हाताने वीस पोरं. आम्ही खऱ्या अर्थाने उपयोगी पडलो ते या दिवसांत. मी आणि सासूबाई काकींच्या सोबत मुलांपाशी, नवरा सड्यावर बाईंच्या मदतीला, हात धुवायच्या रांगेला थोरली. नंतर नवऱ्याने सगळ्या घरांमध्ये जाऊन ज्यांचे नंबर बदलायचे होते त्यांचे बदलायला लावले, आधार केंद्रावर दोन रिक्षा भरून बायका नेल्या. हे काही फोटो काढण्यासारखं व्हॉलंटिअरिंग नाही. पण पुढच्या महिन्याचं वाटप बरंच लवकर आटपलं आणि बाई दुपारचा आहार व्हायच्या आत मुलांमध्ये परत आल्या.

वजनाचा दिवस मात्र बघण्यासारखा. बारकी पोरं काट्याला घाबरतात, एकाने भोकाड पसरलं की लाईन लागते. बाई बंदरावरच्याच आहेत, त्यांनी काट्याजवळ उभं राहून लिलाव सुरू केला. "चला चला, ही आली सुरमई! बारा किलो आठशे! कोण घेतो, कोण घेतो?" मुलांचं एकदम रडणं बंद. "मी पापलेट, मी पापलेट" करून धक्काबुक्की. माझा धाकटा चढला तर एक मुलगा ओरडला, "ह्यो बर्फातला हाय, परदेशातनं आलाय!" मोठे हसून लोळले. पण त्या गडबडीत बाईंची नजर बघा, एक मुलगी गंमत म्हणून शेवटी आली, फ्रॉक घातलेला, तोंड गोल, मला काही वेगळं दिसलं नाही, बाईंनी तिचा दंड हातात घेतला आणि रंगाची पट्टी गुंडाळली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळं, त्यापुढे हिरवं. तिचं पिवळ्यात आलं. लिलाव चालूच, आवाजात फरक नाही, फक्त काकींकडे बघून भुवई उडवली आणि त्या दिवसापासून त्या मुलीला आहार वाढताना काकींचा हात थोडा जास्त वेळ टोपात राहायला लागला. संध्याकाळी बाई तिच्या घरी जाऊन आल्या. पुढच्या वेळी पट्टी हिरव्याच्या सीमेवर होती.

आहाराबद्दल तिकडचे लोक विचारतात म्हणून, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रोटीन द्यायचं याचा हिशेब ठरलेला आहे, खिचडी, उसळ, लापशी असं आलटूनपालटून. धाकटा पहिले काही दिवस मांडी घालून जेवायला तयार नव्हता, मग शेजारच्याने त्याच्या ताटातली उसळ संपवली तेव्हा बसला मुकाट.

आता इंग्रजीचा विषय, कारण तो टाळून पुढे जाता येणार नाही. गावातल्या आयांना आमचं अंगणवाडीत येणं का आवडलं, तर इंग्लिश. "वहिनी, तुमच्या पोरांना सांगा आमच्या पोरांशी इंग्लिशमध्येच बोला." तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन सकाळी येते, टाय लावलेली साडेतीन वर्षांची पोरं त्यात बसतात आणि अंगणवाडीतली संख्या दर वर्षी थोडी खाली येते. माझं ठाम मत होतं, आहे, की या वयात मुलाने आपल्या बोलीत भरपूर बोलावं, २०२० चं शैक्षणिक धोरण पण तेच सांगतं, सेविकांच्या 'आकार' अभ्यासक्रमात पण मुलाच्या घरच्या भाषेपासूनच सुरुवात आहे. ही पोरं कालवं, तिसऱ्या, खुबे असे शिंपल्यांचे प्रकार नुसत्या बोटाने चाचपून वेगळे करतात, वाऱ्याची दिशा सांगतात, आणि आपण त्यांना ए फॉर अॅपल. मी बाईंना म्हणलं मी इंग्रजी शिकवणार नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला नको वाटतं कारण तुमच्याकडे आहे ते. माझी पाच पोरं त्या व्हॅनमध्ये गेली ना, तर उद्या ही अंगणवाडी दुसऱ्या वाडीला जोडतील. मग ती पिवळ्या पट्टीवाली रोज डोंगर उतरून जाणारे का जेवायला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मत माझं बदललं नाही, पण आम्ही तोडगा काढला. सकाळी आया सोडायला येतात तेव्हा दारातच दहा मिनिटं हातवारेवाली दोन-तीन इंग्रजी गाणी, थोरलीच्या हाताखाली, अगदी जोरात, रस्त्यापर्यंत ऐकू जातील अशी. आया खूश. त्या गेल्या की दिवसभर आपली भाषा. बाई त्याला "जाहिरात" म्हणायच्या. गणपतीच्या आत व्हॅनमधली दोन पोरं परत आली. आता ती जाहिरातीमुळे आली की लावणीनंतर हातात पैसा नव्हता म्हणून आली हे मी सांगू शकत नाही.

शिंपल्यांचं राहिलं. बाईंकडे लाकडी ट्रेमध्ये समुद्राची ओली वाळू असते, त्यात बोटाने रेघा, गोल, लाटा काढायच्या. डब्यांमध्ये शिंपले, आकाराप्रमाणे लावायचे. चिंचोके, काजूच्या बिया, गोटे. मी म्हणलं हे तर मॉन्टेसरीचंच आहे, वेलिंग्टनला असले ट्रे केवढ्याला मिळतात. बाई म्हणाल्या, "ताराबाईंचं आहे हो हे, ट्रेनिंगला सांगतात." आणि खरंच, हे सगळं आपल्याच किनाऱ्यावर जन्मलेलं आहे, उत्तर कोकणात, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत. गरिबाघरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, झाडून सारवून तिथेच बसायचं, पोरांना आंघोळी घालण्यापासून सुरुवात. महागडी साधनं नाहीत तर बिया, खडे, शिंपले. पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आम्ही वेलिंग्टनहून नेलेल्या फेल्टच्या बाहुल्यांना श्रावण लागायच्या आत बुरशी आली, शिंपले मात्र तसेच.

हजेरीचं गणित समजायला पण आम्हाला वेळ लागला. जुलैत लावणी, कुणबीवाडीतल्या आया पहाटे शेतात, पोरं मोठ्या बहिणीच्या पाठीवरनं लवकर येणार आणि घरी कोणी नाही म्हणून उशिरापर्यंत थांबणार, बाई थांबायच्या, त्याचे पैसे कोणी देत नाही. बंदरावरची पोरं उलट. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बापूस घरी, पोरं घरीच लाडात. एक ऑगस्टनंतर होड्या पाण्यात जायला लागल्या, नारळी पौर्णिमा झाली की आया लिलावाला, आणि मग तीच पोरं झोपेतली उचलून आणलेली, केसही न विंचरलेली. सासूबाई ऑपरेशननंतरची डोळ्यावरची हिरवी पट्टी काढून काळ्या चष्म्यावर आल्या होत्या, त्यांना जास्त काम सांगितलेलं नव्हतं, त्या कोपऱ्यात सतरंजी टाकून बसायच्या आणि या झोपाळू पोरांची डोकी विंचरायच्या. वेणी घालता घालता गोष्ट. पत्र्याखाली पण त्यांचं ऐकू जायचं कारण डोकंच त्यांच्या मांडीवर. आमच्या घरातला सगळ्यात उत्तम स्वयंसेवक कोण विचाराल तर त्या. बाकी आम्ही हमाल.

पोरं आजारी पडतात हे पण लिहून ठेवते. डोळे आले, ते वर्गात फिरून आमच्या घरात आले. धाकट्याला गळवं झाली. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, बरा झाला. ओल्या कपड्यांत बसू नका, गमबूट न्या, एवढाच सल्ला.

ग्रामसभा १५ ऑगस्टला असते. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर हे ठरलेले दिवस. आम्हा दोघांना तिथे बोलायचा अधिकार नाही, मतदार नाही आम्ही, मागे उभे होतो. विषय चालले होते पाखाडी (पायऱ्यांची वाट), स्मशानशेड, पाण्याची टाकी. सासूबाई काळा चष्मा लावून उठल्या. म्हणाल्या, "मला डोळ्याने कमी दिसतं पण कानाने चांगलं ऐकू येतं, आणि अंगणवाडीत पोरांना काही ऐकू येत नाही. पत्र्याखाली सीलिंग मारा." कोणीतरी म्हणलं, आजी, पोरं लहान आहेत, ऐकून काय करायचंय. तर म्हणाल्या, "तू लहानपणी काही ऐकलं नाहीस ते दिसतंय." सभा हसली, पण महिलांनी विषय धरून ठेवला आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यायचा ठराव झाला. नवऱ्याने आधी स्वखर्चाने सीलिंग मारून द्यायचं म्हणलं होतं, बाईंनीच अडवलं. म्हणाल्या तुम्ही मारलंत तर पुढच्या वेळी काही तुटलं की सगळे तुमच्याच फोनची वाट बघणार.

निघायचं कसं याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. असे पाहुणे येतात, पोरांना लळा लावतात आणि उडून जातात, हा या प्रकारावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे आणि खरा आहे. बाईंनी पहिल्या आठवड्यातच मुलांना सांगून टाकलं होतं, हे चाकरमानी आहेत, गणपती झाले की जाणार. विषय संपला. कोकणातल्या चार वर्षांच्या पोराला गणपती झाले की जाणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, त्यांचे निम्म्यांचे बापूसच तसे जातात आणि शिमग्याला येतात. गौरी-गणपतीत पोरांनी बाल्या नाच केला, धाकट्याच्या पायात चाळ बांधले होते, गौरी गेल्या आणि शेवटच्या दिवशी मुलं आम्हाला टाटा करून परत वाळूच्या ट्रेकडे वळली. रडला तो आमचाच.

कोणाला असं करायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. ओसीआय असेल तर राहण्याचा प्रश्न नाही, लांब मुक्कामाला पण वेगळं रजिस्ट्रेशन लागत नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी व्हिसावर कुठलं काम चालतं ते आधी नीट वाचून घ्यावं, टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला मदतीलाही मर्यादा आहे. तालुक्याचं ऑफिस आधी, अंगणवाडी नंतर, नाहीतर त्रास सेविकेला होतो. खेळणी नेऊ नका, प्लास्टिकच्या झाकणाचे घट्ट डबे न्या. आणि महिन्याच्या आत परत जायचं असेल तर मुलांमध्ये बसूच नका, नळ दुरुस्त करा, ट्रॅकरच्या दिवशी छत्री धरा, तेवढं खूप झालं.

आमच्या मागे सड्यावरच्या कामाला गावातलेच एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर काका यायला लागलेत, त्यांना ओटीपी वगैरे सगळं जमतं, बायकांना ओळखतात, शिवाय त्यांचा आवाज पावसातही ऐकू जातो. सीलिंगचं म्हणाल तर आराखड्यात नाव लागलंय, कोणीतरी येऊन माप घेऊन गेलं, काम अजून सुरू नाही. सासूबाई बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीत डोकावून विचारतात. मागच्या फोनवर म्हणाल्या, आता दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन सीलिंग झाल्यावरच करणार असं मी ग्रामसेवकाला सांगून आलेय.